सेवाग्रामची उत्तर बुनियादी

उत्तर बुनियादी हा गांधींच्या नई तालीम योजनेतील माध्यमिक शिक्षणाचा टप्पा होता. सात वर्षांचे बुनियादी शिक्षण संपवलेल्या, साधारण पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी तो आखला गेला आणि 1945 नंतरच्या दशकात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात त्याचा सर्वांत सलग प्रयोग झाला. अडचण आली की ती सोडवणे, चार लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडणे, सामुदायिक जीवनातील आपला वाटा उचलणे या गोष्टी हल्ली ‘कौशल्ये’ म्हणून अभ्यासक्रमात वेगळ्या लिहाव्या लागतात. उत्तर बुनियादीत त्यांना वेगळा तास नव्हता; शाळा चालवणे हाच त्यांचा पाठ होता. पुढे नई तालीम म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सूतकताईची टकळीच तेवढी उभी राहू लागली, आणि योजनेच्या बदनामीला तेही एक कारण झाले.

कामातून शिकण्याच्या या विचाराची सुरुवात दक्षिण आफ्रिकेत झाली. 1904 मध्ये फिनिक्स आणि 1910 मध्ये टॉल्स्टॉय फार्म या वसाहतींत गांधींनी सहकाऱ्यांच्या मुलांना शेतकाम, सुतारकाम, चपला शिवणे आणि स्वयंपाक यांच्या जोडीने अक्षरे शिकवली. भारतात परतल्यावर 1917 मध्ये चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्धची चौकशी चालू असतानाच त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या. तिथे शिकवायला मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव गेले होते. अवंतिकाबाईंनी पुढच्याच वर्षी गांधींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. चंपारणातल्या शाळा अक्षरओळखीइतक्याच गावसफाईसाठी होत्या. विहिरीभोवतीचा चिखल उपसणे आणि बाराखडी गिरवणे ही दोन्ही कामे एकाच दिवसाच्या वेळापत्रकात बसत.

गांधी 1934 मध्ये वर्ध्याला आणि 1936 मध्ये जवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. विदर्भातच दुसरे शेगाव असल्याने टपालाचा घोळ होई; म्हणून 1940 मध्ये या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. 1937 मध्ये अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि शिक्षणाचा प्रश्न एकदम व्यवहाराच्या पातळीवर उतरला. दारूबंदी करायची तर अबकारीचे उत्पन्न बुडणार, आणि शाळांचा खर्च तर बराचसा त्याच उत्पन्नावर चाले. ‘हरिजन’ साप्ताहिकातून गांधींनी त्यावर मांडलेली सूचना अनेकांना धक्कादायक वाटली. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगातून द्यावे आणि त्या उत्पादनातून निदान शिक्षकाचा पगार निघावा, अशी ती सूचना होती.

त्यावर विचार करण्यासाठी 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजेच नंतरच्या नवभारत विद्यालयात, परिषद भरली. काँग्रेस प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. परिषदेत एकमत मुळीच नव्हते. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी सरळ हरकत घेतली की, सरकारी पाठबळावर चालणारा शाळांचा माल बाजारात आला तर तो गावच्याच कारागिराच्या पोटावर पाय आणील. शेवटी चार ठराव झाले: सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तकामाभोवती गुंफलेला शिक्षणक्रम, आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकाचे वेतन निघेल ही अपेक्षा. चौथ्या ठरावाची भाषा मुद्दाम सैल ठेवलेली दिसते.

अभ्यासक्रम आखण्याचे काम दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे गेले. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन आणि आर्यनायकम् दांपत्य हे त्यातले सभासद. हरकत घेणारे के. टी. शाहही समितीत होते. डिसेंबर 1937 मध्ये आलेल्या अहवालात या शिक्षणामागील नागरिकत्वाच्या आदर्शावर स्वतंत्र प्रकरण आहे. नव्या भारतात नागरिकाला आपले प्रश्न समजून घेऊन सार्वजनिक कारभारात भाग घ्यावा लागेल. जो समाजाकडून घेतो त्याने काहीतरी उपयोगी श्रम करून ते फेडले पाहिजे. आणि हे शाळेत सहकाराने जगल्याशिवाय अंगी बाणणार नाही, असा त्याचा आशय. त्याच अहवालाने एक धोकाही आधीच लिहून ठेवला होता. शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातून घडायचे बौद्धिक व सामाजिक शिक्षण बाजूला पडेल, ही भीती त्यात स्पष्ट नोंदली आहे. पुढच्या वीस वर्षांत शेकडो शाळांत नेमके हेच घडले.

अहवालातल्या वेळापत्रकात दिवसाच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे मुख्य हस्तोद्योगाला होती. मातृभाषेला 40 मिनिटे, गणित, संगीत व चित्रकला यांना मिळून 40, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना 30, आणि व्यायाम व मधली सुट्टी यांना प्रत्येकी 10. भाषेला 40 मिनिटे हा आकडा पाहून अनेक पंडित चिडले. पण उद्योगाच्या त्या तासांत भाषा, गणित आणि भूगोल गुंफायचे होते. योजनेत याला समवाय म्हणत. सूतकताईचे उदाहरण घेतले तर हे समजते. चार फुटांचा एक तार, 160 तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. सूत जितके बारीक तितका त्याचा अंक मोठा. वीस अंकी सुताची एक गुंडी साधारण दोन तोळे भरते. पेळू किती वापरले, तूट किती आली, तासाला किती तार निघाले, कालच्यापेक्षा वेग का घटला, कस का उतरला, याचा हिशेब रोज लिहायचा. वेग का घटला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते. पेळू नीट वळले नव्हते, टकळी वाकडी होती, की कापसात सरकीची किटी राहिली होती, हे ज्याने सूत कातले त्याला स्वतःच शोधावे लागते. समवायाची खरी ताकद इथे होती. कापूस आला म्हणून इजिप्तचा भूगोल, अशी ओढूनताणून लावलेली सांगड हे त्याचे विनोदी रूप. तेही भरपूर दिसले.

फेब्रुवारी 1938 मध्ये काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने योजना स्वीकारली आणि हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. झाकीर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले. सेवाग्रामचे काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी हाती घेतले. ते मूळचे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, त्या बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. वऱ्हाडी बोलणाऱ्या कुणबी आणि हरिजन मुलांची शाळा या दोघांनी चालवली, ही त्या काळच्या राष्ट्रीय शिक्षणातली एक विलक्षण गोष्ट. 1939 च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतांतले बहुतेक प्रयोग सरकारी आश्रय सुटताच थंडावले. 1942 च्या आंदोलनात सेवाग्रामचे शिक्षक तुरुंगात गेले आणि शाळेचे काम थांबले.

मे 1944 मध्ये गांधी तुरुंगातून सुटले. जानेवारी 1945 मध्ये सेवाग्रामात भरलेल्या परिषदेत नई तालीमचे क्षेत्र सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते न ठेवता सबंध आयुष्याएवढे रुंदावले गेले: पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी आणि प्रौढशिक्षण. पूर्व बुनियादीच्या बाजूने महाराष्ट्रात त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. उत्तर बुनियादीबद्दल गांधींची अट कडक होती. लहान मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार निघेल की नाही यावर वाद होऊ शकतो, पण पंधरा वर्षांपुढच्या विद्यार्थ्याने आपले अन्नवस्त्र स्वतःच्या कष्टावर मिळवलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

या अटीमुळेच उत्तर बुनियादीची शाळा इतर कुठल्याही हायस्कुलाहून वेगळी झाली. स्वावलंबन हे ध्येय ठरले की हिशेब खोटा चालत नाही. शेतात जोंधळा किती पिकला, गोशाळेत दूध किती निघाले, मागावर कापड किती विणले गेले, आणि तेवढ्यात वसतिगृहातल्या मुलांचे वर्ष निभते का, हा प्रश्न शिक्षकांबरोबर मुलांच्याही पुढे असे. सेवाग्रामात स्वयंपाकघर हा शाळेचा मोठा वर्ग होता. मुलामुलींच्या तुकड्या पाळीपाळीने तो चालवत. कोठीतले धान्य मोजून घेणे, माणशी खर्च काढणे, समतोल आहार बसवणे, जेवणारे वाढले तर त्याच पैशात ताट कसे भरायचे याचा मेळ घालणे, ही सगळी त्यांची जबाबदारी. अमुक भाजी महाग झाली तर तीच जीवनसत्त्वे कशातून मिळतील, हा रसायनाचा आणि बागकामाचा एकच प्रश्न होई. गरीब कोरडवाहू मुलखात, युद्धानंतरच्या रेशनच्या दिवसांत, हे सोपे नव्हते. भात कच्चा राहिला किंवा कोठीत तूट आली की त्याचा जाब संध्याकाळी सगळ्यांसमोर द्यावा लागे, आणि तेव्हा गुण देणारे परीक्षक समोर नसून भुकेले सोबती असत.

सामुदायिक जीवनाचा कारभार मुलांच्या सभेकडे होता. आरोग्य, सफाई, भोजन अशा खात्यांसाठी मुलांमधून मंत्री निवडले जात, ठरावीक काळाने ते बदलत आणि पायउतार होताना कामाचा अहवाल वाचून दाखवत. अहवालावर प्रश्न विचारले जात. शहरी शाळांमध्ये तेव्हाही विद्यार्थी मंत्रिमंडळे होती, आजही आहेत. त्यांच्या हाती स्नेहसंमेलनाची सजावट आणि फळ्यावरचा सुविचार यापलीकडे सहसा काही नसते. सेवाग्रामच्या मंत्र्याच्या हाती खरेच धान्य होते, झाडू होता आणि पैसा होता. संवादकौशल्य म्हणून जे आज शिकवले जाते त्याचे मूळ या सभेत दिसते. तिथे वक्तृत्वाला किंमत नव्हती. आकडे बरोबर हवेत, चूक लपवलेली नसावी, आणि हिंदी, मराठी, तमिळ, बंगाली अशा निरनिराळ्या भाषांतून आलेल्या ऐकणाऱ्यांना ते समजावे, एवढीच कसोटी. रोजनिशी प्रत्येकाला ठेवावी लागे. दिवसाच्या कामाची नोंद, त्यातून निघालेला प्रश्न आणि त्याचे मिळालेले किंवा न मिळालेले उत्तर. मराठी शाळेतल्या निबंधलेखनाच्या मानाने हे गद्य कोरडेच असे, पण त्यात उसने वाक्य क्वचित असे.

सफाई हा या दिनक्रमाचा सर्वांत अवघड भाग. सेवाग्रामात भंगी ही वेगळी नेमणूक नव्हती. चराचे संडास साफ करणे आणि मैल्याचे खत करणे ही पाळी ब्राह्मणाच्या मुलालाही येई आणि मंत्र्यालाही. जातिव्यवस्थेवर व्याख्यान देण्यापेक्षा हा पाठ जास्त टोचणारा होता. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पा पटवर्धन हेच काम संडासांच्या रचनेत सुधारणा करून पुढे नेत होते. मात्र ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या याच कामात गेल्या त्यांच्या मुलांना शाळेतही झाडू हातात घ्यावा लागणे कसे वाटले असेल, याचा विचार त्या काळच्या लिखाणात फार थोडा आढळतो. हस्तोद्योगाच्या शिक्षणाकडे दलित समाजाने साशंकतेने पाहिले, त्याची मुळे इथे आहेत. सवर्णाला ज्यातून सुटका मिळाल्यासारखे वाटे, तेच दुसऱ्याला पुन्हा अडकवल्यासारखे वाटणे साहजिक होते.

या शाळेत केवळ घाम होता असा समज होऊ नये. शांतिनिकेतनचे चित्रकार देवी प्रसाद 1944 पासून इथे कला शिकवत होते. मुलांच्या कलेवरील त्यांचे पुस्तक याच अनुभवातून आले. मार्जोरी साइक्स या इंग्रज शिक्षिका 1949 च्या सुमारास आल्या आणि दहाएक वर्षे राहिल्या. नई तालीमचा सर्वांत वाचनीय इतिहास त्यांनीच लिहिला. प्रार्थना, गाणी, उत्सव आणि नाटके यांना दिनक्रमात पक्की जागा होती. विनोबांची भूदान चळवळ सुरू झाल्यावर त्यांच्या पदयात्रेकडेही इथले शिक्षक-विद्यार्थी ओढले गेले.

कष्टातून शिकण्याची अशीच, पण गांधींच्या योजनेआधी उगवलेली वाट सातारा जिल्ह्यात होती. भाऊराव पाटील यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपापल्या पाळीने स्वयंपाक करत. लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. 1927 मध्ये गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. ‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची पद्धत मात्र सेवाग्रामपेक्षा एका बाबतीत व्यवहारी होती. त्यांच्या मुलांनी खडी फोडली, जमीन लागवडीला आणली, पण शेवटी ती बसली सरकारमान्य परीक्षांनाच. 1940 मध्ये साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे नावाप्रमाणे हायस्कूलच होते. शेतकऱ्याच्या मुलाला मामलेदार कचेरीत खुर्ची मिळाली पाहिजे हे भाऊरावांना उमगले होते. श्रम त्या खुर्चीपर्यंत पोचण्याचे साधन होते आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता.

सेवाग्रामने हा सौदा नाकारला आणि तिथेच उत्तर बुनियादी अडली. तीन वर्षे शेती, हिशेब, आरोग्य आणि सभा यांत तयार झालेल्या मुलाकडे मॅट्रिकचा दाखला नव्हता. विद्यापीठे त्याला प्रवेश देत नसत, नोकरीचा अर्ज दाखल्याशिवाय पुढे सरकत नसे. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली आणि 1956 नंतर ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निघाल्या. महाराष्ट्रात गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि अमरावतीची संस्था या त्यांतल्या. त्यांच्या पदविकांनाही पूर्ण मान्यतेसाठी झगडावे लागले. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांचा वेगळाच नकाशा मांडला आणि राज्यांचा पैसा तिकडे गेला. गावातल्या पालकाचा हिशेब याहून साधा होता. ज्या मंत्र्यांनी ही शाळा उत्तम म्हणून सांगितली त्यांची मुले इंग्रजी हायस्कुलात जात होती. मग आपल्याच मुलाने सूत का कातावे? या प्रश्नाला योजनेच्या चालकांकडे समाधानकारक उत्तर कधीच नव्हते. 1959 मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि सेवाग्रामचे शैक्षणिक काम ओसरत गेले.

प्राथमिक शाळांमध्ये तोवर योजनेचे दुसरेच रूप पसरले होते. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई प्रांतात मूलोद्योगाच्या शाळा मोठ्या संख्येने काढल्या. मराठीत या शिक्षणाला जीवनशिक्षण म्हणत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव अजून आहे. टकळ्या आल्या, पेळू आले, तपासणीला साहेब आले की दाखवायला सुताच्या गुंड्या आल्या. कापूस वेळेवर येत नसे, शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे असे, आणि कातलेल्या सुताचे काय करायचे हे ठरलेले नसे. सभा, हिशेब आणि जबाबदारी यांतले काही या शाळांत पोचले नाही. 1956 च्या सुमारास केंद्र सरकारने जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने केलेल्या पाहणीत बहुतेक राज्यांतली अंमलबजावणी नावापुरतीच आढळली.

1964-66 च्या कोठारी आयोगाने बुनियादी शिक्षण हा शब्द मागे टाकून कार्यानुभव आणला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे, मौनी विद्यापीठाच्या उभारणीत गुंतलेले. नई तालीमची ताकद आणि दुबळेपण त्यांनी जवळून पाहिले होते. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य ही संज्ञा दिली. महाराष्ट्रात पुढच्या दोन पिढ्यांना कार्यानुभव आठवतो तो आठवड्याच्या वेळापत्रकातला एक किंवा दोन तास म्हणून: खडू तयार करणे, पुठ्ठ्याची फाइल, मेणबत्ती, आणि वर्षअखेरीस घाईने पुरी केलेली वही. श्रेणी सगळ्यांनाच ‘अ’ मिळे.

खरे काम आणि खरे गिऱ्हाईक यांची सांगड माध्यमिक शाळेत पुन्हा घातली गेली ती 1983 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची कारकीर्द मागे ठेवून तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. नाईक यांच्या पुढाकाराने पुण्यात आलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे ते एक केंद्र. कलबागांचा भर गांधीवादी जीवनपद्धतीवर नव्हता. हाताने काम करताना मेंदू चांगला शिकतो, एवढ्या आधारावर त्यांनी आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बांधला. आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार विभागांत कामाचा. वेल्डिंगची मशीन, वीजजोडणी, रक्तगट तपासणी, कोंबड्यांचे खाद्य ही त्यातली साधने. सेवाग्रामच्या सभेचे काम इथे गावकऱ्यांच्या मागणीने केले: कोणाला जाळीचे दार हवे, कोणाला शाळेच्या टाकीचा नळ जोडून हवा. मुले जागेवर जाऊन मोजमाप घेतात, साहित्याचा व मजुरीचा खर्च काढतात, गिऱ्हाइकाला समजावतात आणि काम झाल्यावर बिल देतात. अंदाज चुकला तर तो त्यांच्याच जमाखर्चात दिसतो. आणि सेवाग्रामला जे जमले नव्हते ते इथे साधले: महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला, त्याचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत धरले जाऊ लागले, आणि पाबळबाहेरच्या शाळांनीही तो घेतला.

सेवाग्रामात नई तालीम समितीने 2005 मध्ये आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू केली. शेती, स्वयंपाक, सूतकताई, सफाई आणि मुलांची सभा तिच्या दिनक्रमात परत आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी काम आणि शिक्षण या विषयावर अनिल सद्गोपाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटानेही उत्पादक काम शालेय ज्ञानाच्या केंद्रस्थानी आणण्याची शिफारस केली.